एकेचाळीस पोफळी आणि एक क्विट

मी एकदा क्विट असं लिहिलं, त्यापुढे एक कंस उघडला, एक बंद केला आणि एंटर दाबलं. एकूण सात वेळा बोट आपटलं असेल. तेवढ्यात एकेचाळीस पोफळी गेल्या. वादळाला ज्या पाडता आल्या नाहीत त्या मी पाडल्या, आणि तेही खुर्चीतून न उठता.

यावर कुणी मायेनं म्हणेल, जाऊ द्या आजी, वयाप्रमाणे होतं असं. खबरदार. तेव्हा मी बासष्टची होते. चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेली, गणिताची शिक्षिका, चष्म्याला साखळी, बोलण्याला धार. मूर्खपणा वयाचा नव्हता. तो माझा स्वतःचा होता, पाणी घालून वाढवलेला. आज त्या बासष्ट वर्षांच्या बाईकडे वळून पाहते तेव्हा वाटतं, हिला वर्गाबाहेर अंगठे धरून उभी करावी आणि शाळा सुटली तरी आत घेऊ नये.

यंदाची सुपारी उतरायला लागली आहे. अंगणात पाय ठेवायला जागा नाही. नारिंगी, पिवळी, मधूनच हिरवट राहिलेली फळं उन्हात पसरली आहेत आणि त्यांचा तो आंबूस, ओला वास पार माजघरापर्यंत येतो. श्रीवर्धनात जन्म काढलेल्या माणसाला हा वास येत नाही म्हणतात. मला येतो. वर धर्मा चढलेला असतो. एका पोफळीच्या शेंड्यावरून झोका घेऊन दुसरीचा शेंडा धरतो, खाली न उतरता रांगच्या रांग संपवतो, आणि घड खाली येतो तो धप्प. त्या प्रत्येक धप्पला मी घरात कुणावर तरी खेकसते. गेली काही वर्षं सुपारीच्या दिवसांत मी अशीच असते. सून म्हणते, ‘‘आई, तुमचा सुपारीतला राग सुरू झाला वाटतं.’’ सणवारासारखा. थंडी पडली, सुपारी पिकली, आईंना राग आला.

त्यात यंदा नव्या रांगेतल्या नऊ पोफळींना पहिल्यांदाच पोय फुटली आहे. हस्तिदंती रंगाचा तो फुलोरा, खोडाला चिकटून बाहेर आलेला, तांदळाच्या ओंब्यांसारखा. बघणारा म्हणतो, काय देखणं! मी म्हणते, देखणं खरं, पण कुणाचं?

त्याचं उत्तर माझ्याजवळ होतं. टाइप केलेलं होतं.

जूनमधलं ते वादळ आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. चार-पाच तासांत निम्मी वाडी आडवी झाली. पण मला वाऱ्यापेक्षा जास्त आठवतं ते नंतरचं ऊन. आमच्या वाडीत ऊन कधी जमिनीपर्यंत पोचायचंच नाही. वरून गाळून, हिरवं होऊन यायचं, पाटाच्या पाण्यावर नाण्याएवढं पडायचं. त्या वर्षी पावसाळा सरला आणि ते धाडकन खाली आलं. मिरीचे वेल करपले. जायफळाची पानं कडांनी तपकिरी झाली. विहिरीच्या काठावरचं शेवाळ, ज्यावरून आमच्या घरातलं प्रत्येक माणूस एकदा तरी घसरलं आहे, ते वाळून खपल्या धरून निघालं. मी छत्री घेऊन वाडीत फिरत होते, ऊन लागतं म्हणून. स्वतःच्या वाडीत, छत्री!

माई मात्र उघड्या डोक्यानं फिरायच्या. माई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. सोळाव्या वर्षी या घरात आल्या, चौथी शिकलेल्या, आणि त्यानंतर त्यांची शाळा म्हणजे ही वाडी. काचबिंदूनं नजर गेलेली. नळीतून पाहिल्यासारखं समोरचं तेवढं गोल दिसायचं, बाकी काळोख. पण पोफळीच्या खोडावर हात ठेवला की त्यांना सगळं कळायचं. कोणती कधी लावली, कुणी लावली, फळ कसं, पाणी किती मागते. शिकलेल्या माणसाचा असतो तसा माझा त्यांच्यावर जीव होता, म्हणजे वरून. हे आज लिहायला नको वाटतं, पण लिहिते.

पडलेल्या जागी नवी झाडं लावायची होती. पोफळ आंब्यासारखी नाही, कलम होत नाही. चांगल्या झाडाची पिकलेली फळं निवडून ठेवायची, वाफ्यात रुजवायची, दीड वर्ष सांभाळायची आणि मग लावायची. म्हणजे पुढची सगळी वाडी कशी होणार हे आई-झाड कोणतं निवडता त्यावर ठरतं. आणि कोणती झाडं आई होण्याच्या लायकीची, हे सबंध घरात एकट्या माईंना माहीत होतं.

दसऱ्यानंतर आम्ही दोघी रोज सकाळी निघायचो. माईंचा डावा हात माझ्या दंडावर, उजव्या हातात जुन्या लुगड्याच्या चिंध्या. एकेका खोडावर हात फिरवायच्या, वर नाक करून उभ्या राहायच्या.

‘‘हिची कंबर बघ गो. वाऱ्यात पार गुडघ्यावर आली होती, पुन्हा उठली. हिची पोरं ठेवायची.’’

‘‘आणि ही शेजारची? किती सरळ आहे, माई.’’

‘‘ती दिसायला बरी. फळ पाणचट. रंगरूप आहे, आत काही नाही. तुझ्यासारखी.’’

आणि स्वतःच खुदुखुदु हसायच्या. मग चिंधी बांधायच्या. एक गाठ म्हणजे फळ जड. दोन गाठी म्हणजे वाऱ्याला टिकणारी. तीन गाठी म्हणजे दोन्ही, हिचं बी सगळ्यांत आधी. ही त्यांच्या सासूची रीत, तिच्याही सासूची असेल. चिंधी पुरुषभर उंचीवर, विहिरीकडच्या बाजूला, म्हणजे चढणाऱ्याला वर जाताना हाताला लागावी. तीन गाठी हाताला लागल्या की तो घड खाली टाकायचा नाही, दोरानं हळूच सोडायचा. धर्माचा बापही असंच करायचा. यात कागद कुठेही नव्हता, आणि कधी चूकही झाली नव्हती.

मला ही रीत गोड वाटायची. गोड! कुणाच्या शहाणपणाला गोड म्हणणं यासारखा दुसरा अपमान नाही.

त्या वर्षी कॉलेजं बंद असल्यामुळे माझी नात गार्गी घरी आली होती. ती कॉम्प्युटर शिकत होती आणि नेटला रेंज मिळावी म्हणून गच्चीच्या जिन्यात बसायची. मी वरच्या पायरीवर बसून तिची टर उडवायचे. एक दिवस कंटाळून तिनं मला पायथन शिकवायला घेतलं, बहुधा माझं तोंड बंद व्हावं म्हणून.

ही पायथन नावाची संगणकाची भाषा. तिच्यात दोन तऱ्हेनं काम करता येतं. एक तर वहीत लिहावं तसं सगळं फाइलीत लिहून ठेवायचं आणि मग चालवायचं. नाहीतर थेट समोरासमोर बोलायचं. एक काळी खिडकी उघडते, तिच्यात तीन बाण दिसतात, बाणांपुढे आज्ञा लिहायची, एंटर दाबायचं, आणि पुढच्याच ओळीत उत्तर हजर. सतराचा सातवा घात विचारा, सांगितला. चूक करा, चूक कुठे ते दाखवलं. एकतीस वर्षं मी असा विद्यार्थी शोधत होते. न जांभई देणारा, न खिडकीबाहेर बघणारा, विचारलं की उत्तर देणारा. मी प्रेमातच पडले.

‘‘आजी, शिकायला ठीक आहे,’’ गार्गी म्हणाली, ‘‘पण ठेवायचं असेल ते फाइलीत लिही. ही खिडकी म्हणजे फळा आहे, वही नाही.’’

‘‘एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलंय मी. मला फळा शिकवतेस?’’

‘‘म्हणून तर सांगते. फळा पुसतात.’’

मी ऐकलं नाही. फाइल मला मुकी वाटायची. लिहीत राहायचं, लिहीत राहायचं आणि मग शेवटी कधीतरी निकाल. मला तर दर ओळीला हुंकार हवा होता. मी तिच्या जुन्या लॅपटॉपचं झाकण नुसतं मिटायचे, सकाळी उघडलं की खिडकी तशीच, बाण तसेच. आठ आठवडे ती खिडकी मी बंद केली नाही. दर सकाळी आधी डिर लिहायचे आणि पुढे रिकामा कंस. डिर म्हणजे माझी हजेरी. आजवर तुम्ही ज्यांना ज्यांना नावं दिलीत ती सगळी नावं ते यंत्र एका दमात म्हणून दाखवतं. त्यात माझी नावं असायची: झाडे, गाठी, पाट, आणि ‘गार्गीच्या चुका’ नावाची एक यादी, जी मी गुपचूप ठेवली होती आणि जी गार्गीनं एक दिवस हजेरीत पाहिली. दोन दिवस बोलली नाही. नुसती खालची रेघ लिहिली की ते मघाचं उत्तर पुन्हा द्यायचं. तेही फार आवडायचं मला. पण ती रेघ फक्त शेवटचंच लक्षात ठेवते. त्याच्या आधीचं विचारलं तर नाही. हे मला खटकायला हवं होतं. खटकलं नाही.

माईंचं सगळं सांगणं मी त्या खिडकीत घातलं. मराठी शब्द, इंग्रजी अक्षरं. झाडे नावाचा एक कोश केला. रांग आणि नंबर दिला की समोर माई बोलायला लागायच्या. तीन-सात: वाकली, मोडली नाही, तीन गाठी. पाच-दोन: पाटाच्या तोंडाशी, पाणी जास्त पिते, एक गाठ. सात-अकरा: भाऊंजींनी (माईंचे यजमान) लावली, जात रोठा, फळ मुठीएवढं, तीन गाठी. दीडशेच्या वर उभ्या पोफळींतून एकेचाळीस निवडल्या गेल्या, आणि एकेचाळिसावी लिहून एंटर दाबलं तेव्हा मी स्वतःशीच टाळी वाजवली. बासष्टाव्या वर्षी, एकटी, जिन्यात.

इथवरच केलं असतं तर निदान अर्धाच गुन्हा झाला असता.

पुतण्यानं तेव्हा पुढच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला काढल्या होत्या. शहरातून माणसं यायची, वाडीत फिरायची, झाडांबरोबर फोटो काढायची. त्यातली एक बाई माझ्याकडे आली, आवाज खाली करून म्हणाली, ‘‘काकू, झाडांना त्या चिंध्या कसल्या? भानामती वगैरे आहे का हो?’’ मला अशी शरम वाटली! मी, विज्ञान मंडळ चालवलेली, ग्रहणात मुलांना डबे खायला लावणारी, माझ्या वाडीत भानामती? मी म्हटलं, ‘‘छे हो, जुनी पद्धत आहे, आता सगळं कॉम्प्युटरवर केलंय.’’ आणि ते म्हणताना माझी मान केवढी ताठ झाली असेल, ती आज मुरगळावीशी वाटते.

ती गेल्यावर मी कात्री घेतली. चढत्या उन्हात, रांगेरांगेनं, एकेचाळीस चिंध्या कापल्या. कुंकवाच्या रंगाची एक, अंजिरी, गवती हिरवी, हळदीत बुडवल्यासारखी एक, तिचा काठ अजून टणक होता. गाठी इतक्या घट्ट की कात्री अडायची. सत्तरी ओलांडलेल्या बोटांनी, न दिसता मारलेल्या गाठी. ओच्यात गोळा केल्या आणि बंबात घातल्या. त्याच पाण्यानं माईंनी अंघोळ केली आणि बाहेर येऊन म्हणाल्या, ‘‘आज पाणी झकास तापलंय गो.’’

मी म्हटलं, ‘‘हो ना.’’

त्यानंतर चारच दिवसांनी माई पडल्या. पोफळीच्या गळून पडलेल्या झावळीचा तो रुंद, गुळगुळीत देठ असतो, विरी म्हणतो आम्ही. ती वाटेत ओली पडलेली, त्यावर पाय. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आणलं, पण वाडीत जाणं संपलं. आता सगळी मदार माझ्या कोशावर. मला त्यातही, देवा, थोडा अभिमान वाटला होता. बघा, म्हटलं, बरं झालं ना मी लिहून ठेवलं.

सुपारी पिकून तयार झाली. धर्मा उद्या येतो म्हणाला. मी लॅपटॉप घेऊन बसले; तीन गाठींच्या पोफळी आधी, मग दोनच्या, अशी यादी लावून कागदावर उतरवायची होती. असा क्रम लावण्याची आज्ञा आठवेना. तर पायथनमध्ये एक सोय आहे. हेल्प लिहून रिकामा कंस दिला की ते तुम्हाला आतल्या एका खोलीत नेतं. तिथे बाणांच्या जागी हेल्प असं लिहून येतं आणि तिथे तुम्ही वाटेल त्या आज्ञेबद्दल विचारू शकता. विचारून झालं की क्विट म्हणायचं. क्विट म्हटलं की परत बाहेर, तीन बाण, आपली सगळी मांडामांड जागच्या जागी. हे मी त्या आठ आठवड्यांत शेकडो वेळा केलं होतं. क्विट म्हणजे माझ्या बोटांना आतून बाहेरच्या खोलीत येणं, एवढंच माहीत.

त्या दिवशी मी आत गेले, विचारलं, क्विट म्हटलं. बाहेर आले. तेवढ्यात खाटेवरून माईंनी पाणी मागितलं, ते देऊन आले. परत बसले तेव्हा वाटलं, आपण अजून आतच आहोत. बाणांकडे बघितलंसुद्धा नाही. पुन्हा क्विट लिहिलं. आता या खेपेला ते म्हणाले... बघा, मी अजून यंत्राला अहोजाहो करते, तेव्हापासूनच हात टेकलेत... ते म्हणालं की बाहेर जायचं असेल तर क्विटपुढे कंस द्या.

आणि मला काय वाटलं सांगू? आनंद वाटला. कंस राहिला होता! मी मुलांना किती वेळा म्हटलंय, कंस विसरू नका. मी कंस दिला. शहाण्या मुलीसारखा, उघडून आणि बंद करून.

खिडकीच नाहीशी झाली. मागे लॅपटॉपच्या पडद्यावर गार्गीनं लावलेला कुठलासा बर्फाळ डोंगर होता.

मी ती पुन्हा उघडली. तीन बाण आले, अगदी तेच. डिर लिहिलं, कंस दिला. हजेरीत सात-आठ नावं आली, मागे-पुढे दोन-दोन रेघा लावलेली, सगळी त्याच्या स्वतःच्या घरातली. माझं एकही नाही. झाडे लिहिलं. या नावाचं काही माहीत नाही, म्हणालं. आठ आठवडे ज्याच्याशी बोलले त्यानं ओळख दाखवली नाही. नुसती खालची रेघ लिहिली. मघाची तीच परकी हजेरी पुन्हा म्हणून दाखवली.

गार्गी धावत आली. सगळं बघितलं.

‘‘विचारलं का नाही त्यानं?’’ मी किंचाळले. ‘‘बाई, एवढं सगळं ठेवायचं की टाकायचं, असं विचारायला काय झालं होतं?’’

‘‘आजी, विचारलं की. कंस मागितला ना?’’

‘‘ते विचारणं नव्हे! तो रस्ता दाखवणं झालं! कड्याच्या टोकाशी उभं राहून कुणी म्हणालं, पाऊल जरा पुढे टाका, तर त्याला विचारणं म्हणतात?’’

आजही मला हे पटत नाही. आमच्या इथे खाडीवरचा तरीवाला होडीचा दोर सोडण्याआधी मागे वळून बघतो, कुणी धावत येतंय का. एसटीचा कंडक्टर बेल मारण्याआधी ओरडतो, राहिलंय का कुणी. शेजारीण आमच्या अळूचं पान तोडताना कुंपणापाशी उभी राहून हाक मारते, ‘काकू, दोन पानं घेते हो!’ पान तोडून झाल्यावर मारते, पण मारते. आणि जगातल्या इतक्या हुशार लोकांनी मिळून केलेली ही भाषा, ती माणसाला एका शब्दानं विचारत नाही. परवा गार्गीनं फोनवर सांगितलं, आता नव्या आवृत्तीत कंसही लागत नाही, नुसतं क्विट म्हटलं की पुरे. आणि मागे लिहिलेल्या ओळीही ती आता लक्षात ठेवते म्हणे. वा! माझं झाल्यावर. मी फोन ठेवला आणि उसळीला फोडणी दिली ती करपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मा आला. खोडावर हात फिरवला, वर-खाली पाहिलं.

‘‘बाई, गाठी न्हाईत कुठं. माई बांधतात त्या.’’

‘‘काढल्या. यादी केली आहे.’’

‘‘मंग यादी काढा.’’

‘‘यादी डोक्यात आहे.’’

‘‘डोक्यात हाय व्हय?’’ म्हणाला आणि माझ्या डोक्याकडे अशा नजरेनं बघितलं, जशी तो वाळवी लागलेल्या खोडाकडे बघतो.

मी पुढे चालत गेले आणि बोट दाखवत गेले. ही. ही. ही नाही, ती. सतरा झाडांबद्दल मला शपथेवर सांगता आलं असतं. बाकीची चोवीस मी ठोकून दिली. वाकलेली दिसली की म्हणायचं, ही. फळ मोठं दिसलं की म्हणायचं, ही. मध्येच एका अगदी सरळ, डौलदार पोफळीपाशी थांबले आणि माझं मलाच कळेना, ही तीन गाठींची की पाणचट. वर धर्मा दोर घेऊन वाट बघत होता. ‘‘बोला बाई, सोडू का टाकू?’’ मी म्हटलं, ‘‘सोड.’’

माईंची खोली तिथून पन्नास पावलांवर होती. खिडकी वाडीकडे उघडी होती. पन्नास पावलं जाऊन मला म्हणता आलं असतं, माई, गेलं हो सगळं, आठवतील तेवढ्या सांगा. अर्ध्या तरी त्यांनी खाटेवरून सांगितल्या असत्या. मी गेले नाही. चौथी शिकलेल्या बाईपुढे बीएस्सी झालेल्या बाईला फळा पुसला गेल्याचं सांगायचं नव्हतं. यंत्राचा राग येतो तो येतो, पण त्या पन्नास पावलांचा जो येतो त्याला तोड नाही. त्याला क्विट नाही.

रोपं वाफ्यात एकत्रच रुजवली. पुढे विहिरीकडच्या मोकळ्या पट्ट्यात लावली. धर्मा म्हणतो, बरी हायत. माई गेल्याला आता तीन पावसाळे झाले. शेवटी शेवटी त्यांना खाटेसकट पडवीत आणून ठेवायचो, तिथून नव्या रोपांच्या झावळ्या वाऱ्यावर वाजायच्या त्या ऐकत राहायच्या. मी विचारायचे, कशी वाटतात? ‘‘वाजतायत,’’ म्हणायच्या.

आणि आता ही पोय. नऊ झाडं. यातली कोणती त्या वाकून उठणारीची आणि कोणती माझ्या थापांची, ते मला ठाऊक नाही. येतं वादळ सांगेल. मी रोज सकाळी जाते, एकेका खोडावर हात ठेवते, डोळे मिटते. काहीही कळत नाही. हाताला खोड लागतं. शाळेत फळा पुसताना मागून मुलं ओरडायची, ‘‘बाई, पुसू नका, पुसू नका, आमचं राहिलंय!’’ आणि मी हात न थांबवता म्हणायचे, ‘‘झोपा काढत होतात का?’’ ते आवाज हल्ली मला वाडीत ऐकू येतात.

माईंना सांगितलं मी शेवटी. बी वाफ्यात पडून आठ दिवस झाल्यावर, म्हणजे सांगून काही उपयोग राहिला नाही तेव्हा. सकाळीच त्यांच्या खाटेपाशी जाऊन बसले आणि सुरू केलं. पण मी काय सांगितलं? यंत्राचीच गाऱ्हाणी. कसली ही भाषा, कसला हा कंस, माणसानं दोन महिने राबावं आणि यानं एका शब्दानं विचारू नये, शेजारधर्म नाही, माणुसकी नाही, ज्यानं हे केलं त्याला पोफळीला उलटा टांगायला हवा. चहा आला, निवला, त्यावर साय धरली. माझं चालूच. माई उशीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर सुपडं, हातात अडकित्ता. न बघता सुपारी कातरत होत्या, कच्, कच्, एकसारखी पातळ. त्यांना चिंध्यांचं कळलेलं आहे, धर्मानं पहिल्याच दिवशी खिडकीतून विचारलं होतं, हे मला माहीत नव्हतं. आठ दिवस त्यांनी ते पोटात ठेवलं होतं. मी दम घ्यायला थांबले तेव्हा अडकित्ता मिटला, माझा चेहरा त्यांच्या त्या नळीएवढ्या नजरेत येईपर्यंत मान वळवली, आणि म्हणाल्या:

‘‘शैला, त्या यंत्रानं तुला विचारलं नाही म्हणून तू सकाळपासून तणतणते आहेस. माझ्या गाठी कापताना तू मला विचारलं होतंस?’’